जिल्हा परिषद शाळेतील सहशालेय जीवन

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सरकारी प्राथमिक शाळांत अभ्यासाच्या तासांसोबत चालणारे रोजचे, आठवड्याचे आणि वर्षाचे उपक्रम, व त्यांतून शाळा आणि गाव यांच्यात तयार होणारे नाते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे आला. म्हणून बोलताना या शाळांना ‘झेडपीची शाळा’ किंवा ‘मराठी शाळा’ म्हणतात. बहुतेक शाळा पहिली ते चौथी किंवा सातवीपर्यंत असतात. अनेक वाड्यावस्त्यांवर दोनच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात. अशा द्विशिक्षकी शाळेत वेगवेगळ्या इयत्तांची मुले दिवसभर एकमेकांच्या सोबतीने शिकत असल्याने सामूहिक उपक्रम हा तिथल्या शिक्षणाचा गाभाच ठरतो.

परिपाठ

शाळेचा दिवस परिपाठाने उघडतो. पटांगणात किंवा व्हरांड्यात रांगा धरून मुले राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना म्हणतात. प्रतिज्ञा मूळ तेलुगूत लिहिली गेली. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये विशाखापट्टणम येथे लिहिली. राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले आणि परिपाठात आले. त्यानंतर संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या, बोधकथा, सामान्यज्ञानाचे प्रश्न, एखादा पाढा, कुठे पसायदान, आणि शेवटी दोन मिनिटांचे मौन असा क्रम चालतो. शाळेगणिक तो थोडाफार बदलतो.

परिपाठाचे खरे मोल तो कोण चालवतो यात आहे. चांगल्या शाळेत गुरुजी किंवा बाई बाजूला उभ्या असतात आणि सूत्रसंचालन मुले करतात. आठवड्याची पाळी गटागटाने लावलेली असते. चौथीतली मुलगी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवते, तर पहिलीतल्या मुलाच्या वाट्याला चार शब्दांचा सुविचार येतो. घरी अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू, भिली किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर प्रमाण मराठीत बोलण्याची पहिली संधी बहुधा इथेच मिळते. ज्या शाळांत बोलीतली गोष्ट, कोडे किंवा गाणेही परिपाठात चालते, तिथली मुले लवकर मोकळी होतात. परिपाठ उरकून टाकायचा भाग झाला, ठरावीक दोन-तीन हुशार मुलेच रोज पुढे आली, की त्याचा हेतूच संपतो. दुर्दैवाने हेही पुष्कळ ठिकाणी घडते.

बालमंत्रिमंडळ आणि शनिवार

जूनमध्ये शाळा भरल्यावर काही आठवड्यांत विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवड होते. अर्ज भरणे, माघार, प्रचार, बोटाला शाई, गुप्त मतदान, मतमोजणी हे सारे रीतसर पार पडते. आता काही शाळांत मोबाईलवर मतदानयंत्रासारखे ॲप वापरतात. मुख्यमंत्र्यासोबत स्वच्छता, आरोग्य, पाणी, आहार, क्रीडा, पर्यावरण, वाचनालय अशी खाती वाटली जातात. पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली का, जेवणाआधी सगळ्यांनी हात धुतले का, वाचनकोपऱ्यातली पुस्तके परत आली का, हे त्या त्या मंत्र्याने पाहायचे असते. परसबागेची जबाबदारीही याच मुलांकडे जाते. तिथली मेथी, पालक, शेवगा आणि कढीपत्ता थेट शाळेच्या जेवणात पडतो.

शनिवारची शाळा सकाळची असते. सामूहिक कवायत, लेझीम, डंबेल्स, घुंगुरकाठी, योगासने यांचा हा परंपरेने चालत आलेला दिवस. दप्तर घरी ठेवून येण्याची प्रथा काही शाळांनी आधीपासून पाळली होती. २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘आनंददायी शनिवार’ या नावाने तिला राज्यभर रूप दिले. मुलाला कशाची आवड आहे, तो गटात कसा वागतो, पुढाकार घेतो का, हे शिक्षक २०१० पासून लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत लिहितात. मूल नीट पाहिलेले असेल, तर या नोंदी गुणपत्रकापेक्षा अधिक बोलतात.

एकत्र जेवण

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झालेल्या पोषण आहार योजनेत महाराष्ट्रातील मुलांना आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देणे सुरू झाले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. २०२१ पासून योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ आहे, पण गावात तिला ‘खिचडी’च म्हणतात.

स्वयंपाक गावातल्याच महिला किंवा बचत गट करतात. वाढण्याआधी शिक्षक आणि एखादा पालक अन्न चाखतात आणि चव नोंदवहीत सही करतात. सगळ्या जातींची, सगळ्या घरांतली मुले एका पंगतीला बसतात, ही या योजनेतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. आकड्यांत ती दिसत नाही. वाढदिवस किंवा घरातल्या एखाद्या कार्याच्या निमित्ताने ग्रामस्थ शाळेला जेवण देतात, त्याला तिथी भोजन म्हणतात.

वर्षाचे चक्र

वर्षाचा आरंभ प्रवेशोत्सवाने होतो. पहिलीच्या मुलांना फुले देऊन, कुठे सजवलेल्या बैलगाडीतून मिरवत शाळेत आणले जाते. आषाढात वारकऱ्यांच्या वेशातली दिंडी निघते आणि तिला बहुधा वृक्षदिंडी किंवा ग्रंथदिंडी जोडलेली असते. १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत घोषणा देत मुले गल्लीगल्लीतून फिरतात आणि ध्वजवंदनानंतर कोणीतरी गावकरी खाऊ वाटतो. आश्विनात भोंडला, खानदेश-विदर्भात भुलाबाईची गाणी, दसऱ्याला पाटीपूजन. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला मुली सावित्रीबाईंच्या वेशात येऊन एकपात्री सादर करतात.

दिवाळीनंतर क्रीडास्पर्धांचा हंगाम येतो. आधी केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट), मग बीट (अशा काही केंद्रांचा गट), तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांनी कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे, लेझीम, समूहगान यांच्या स्पर्धा होतात. टेम्पोत बसून शेजारच्या गावी जाणे हाच अनेक मुलांचा पहिला प्रवास असतो. बाल आनंद मेळाव्यात, ज्याला कुठे बालबाजार म्हणतात, मुले घरचा भाजीपाला, भेळ, वडापाव विकतात. भांडवल, नफा आणि सुट्टे पैसे यांचा हिशोब वहीवर शिकवायला आठवडा लागतो, इथे तो दुपारभरात पक्का होतो.

स्नेहसंमेलन म्हणजे ‘गॅदरिंग’ हा मात्र साऱ्या गावाचा सण. ते साधारण प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, रात्री, शाळेच्या पटांगणात होते. आठवडाभर वर्गात नाचाचा सराव चालतो आणि आया पोशाख शिवतात. तरुण मंडळ मंडप आणि आवाजाची व्यवस्था पाहते. मुंबई-पुण्याला गेलेले गावकरीही त्या रात्री येतात. नाच सुरू असताना लोक बक्षिसाची रक्कम देतात आणि निवेदक देणाऱ्याचे नाव माईकवरून पुकारतो. दहा रुपये देणाऱ्या आजीचे नावही तितक्याच मानाने घेतले जाते. जमलेल्या पैशांतून पुढे संगणक, पंखे, ढोल-ताशा, कुंपण अशी कामे होतात. ठोकळेबाज चित्रपटगीतांवरचे नाच अलीकडे वाढले आहेत, आणि त्यांच्या जागी भारूड, पोवाडा, आदिवासी भागात तारपा नृत्य टिकवणाऱ्या शाळांचे म्हणूनच कौतुक वाटते.

गावाचा वाटा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा बनवणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. जिथे बैठकीची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात तिथे ती नावापुरती उरते, आणि जिथे पालक खरोखर बोलतात तिथे शाळेचा चेहरा बदलतो. पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी शाळेसाठी जमीन दिली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये फरशीवर आखलेल्या खेळांतून आणि साहित्यातून मुले स्वतः शिकू लागली आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला.

अडचणी

मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमका हाच क्रीडास्पर्धा आणि गॅदरिंगचा काळ. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले शाळेत येतात, आई-वडिलांसोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत, गेलेल्या मुलांचे मात्र अर्धे वर्ष निघून जाते. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा, माहिती भरण्याचा आणि प्रत्येक उपक्रमाचे फोटो वर पाठवण्याचा ताण आहे. त्यामुळे कधी कधी उपक्रम फोटोपुरताच होतो.

पटसंख्या घटणे हे त्याहून मोठे संकट. इंग्रजी माध्यमाच्या शाळांची पिवळी बस वाडीपर्यंत येते आणि वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा वाढत जातात. २०२३ मध्ये राज्याने अशा शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली. मोठ्या शाळेत खेळायला पुरेसे गडी, वेगळे वर्ग आणि विषयवार शिक्षक मिळतात, हे खरे. पण बस चुकली किंवा ओढ्याला पूर आला की घरी राहावे लागणारी मुले, त्यांतही मुली, आधी गळतात. शिवाय ध्वजवंदन, मतदान केंद्र, लसीकरण, ग्रामसभा यांसाठी छोट्या वाडीत शाळेशिवाय दुसरी सार्वजनिक जागा बहुधा नसते, आणि समूह शाळेच्या हिशोबात ही बाजू अजून धरलेली नाही.