मेगर, केंदाळ आणि कंपनीविषयीची आपुलकी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरही सांगतं. पाणी ओसरलं की मदतीचे टेम्पो निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच टेम्पोंवर कंपनीचा फलक असतो. अशा कामामुळे कामगार कंपनीला धरून राहतो, असं मनुष्यबळ विभाग हमखास सांगतात. ते खरं आहे, पण काही अटींवर. या अटी मानसशास्त्राने बऱ्यापैकी तपासलेल्या आहेत.

आधी कायद्याचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली, दुसऱ्यांची कामं करून देणारी छोटी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) यात सहसा येत नाही. जी येते, तिलाही कामगारांनी दिलेल्या तासांची किंमत लावून ती या २ टक्क्यांत दाखवता येत नाही. त्यामुळे श्रमदानाने ताळेबंदात काही वाचत नाही. फायदा झालाच तर तो माणसांच्या मनात होतो.

तो होतो कसा? माणूस स्वतःची ओळख ज्या गटांतून घडवतो, त्यांत कारखानाही असतो. गावात कारखान्याचं नाव चांगलं निघालं की त्याचा थोडा मान कामगाराला मिळतो, आणि नोकरी सोडताना तो मानही सुटतो. मात्र नुसतं नाव ऐकण्यापेक्षा आपल्या कामाचा उपयोग डोळ्यांनी पाहणं कितीतरी जास्त परिणाम करतं. ॲडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली होती. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला. ज्यांनी विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचलं, त्यांच्यात असा फरक दिसला नाही.

म्हणून चेक देण्यापेक्षा कामगाराच्या हातातलं कसब वापरणारं काम निवडावं. पुरानंतर चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत घरात वीज पुन्हा सुरू करणं हे सर्वांत धोक्याचं काम असतं, आणि फौंड्रीच्या मेंटेनन्स खात्यात ते जाणणारी माणसं व मेगर (तारांवरच्या आवरणाचा विद्युतरोध मोजणारं यंत्र) दोन्ही असतात. मेन स्विच बंद करायचा, बल्ब आणि सगळी उपकरणं काढायची (मेगरच्या ५०० व्होल्टला टीव्हीचं सर्किट टिकत नाही), स्विचबोर्ड उघडून गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि काही दिवस वाळू द्यायचं. मग फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल अशी तिन्ही मापं घ्यायची. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वीज जोडायची नाही. पाण्यात बुडालेला एमसीबी (बिघाड झाल्यास वीज तोडणारा स्विच) वाळवून वापरू नये, बदलावा. इथे घाई करणारे हमखास चुकतात, कारण वरून कोरडा दिसणारा एमसीबी आतून गंजलेला असतो. परवानाधारक वायरमन आणि एक मदतनीस, अशी जोडी अर्ध्या दिवसात तीन-चार घरं तपासते. घरात दिवा लागलेला ते स्वतः पाहतात. हिशेब खात्यातले लोक विम्याचे कागद भरून देऊ शकतात आणि पॅटर्न शॉपचे (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या खात्याचे) सुतार दारं बसवू शकतात.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे नदीच्या घाटावरचं केंदाळ, म्हणजे जलपर्णी. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणजे ओढायला जड. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. नाल्याचं पाणी थांबलेलं नसेल तर फोटो छापून येईपर्यंत घाट पुन्हा हिरवा झालेला असतो, आणि आपण राबलो ते फुकट गेलं हे कामगाराला कुणी सांगावं लागत नाही. काढलेलं केंदाळ काठावरच टाकलं तर ते पुन्हा पाण्यात जातं, हा नेहमीचा घोळ वेगळाच.

दुसरी अट राजीखुशीची. हजेरीपटावर सही घेऊन रविवारी नेलेलं श्रमदान कामगार बिनपगारी ओव्हरटाइम म्हणूनच मोजतो. सक्तीच्या सेवेबद्दलचा १९९९ चा अमेरिकी अभ्यास सांगतो की, आपल्यावर लादलं गेलं असं ज्यांना वाटलं, त्यांची पुढे स्वेच्छेने काम करण्याची इच्छा कमी झाली. तेव्हा वेळ कामाच्या तासांतला द्यावा, दोन-तीन कामांतून निवड असावी आणि नकार दिल्यास बढतीत अडचण येऊ नये. एकाच खात्यातून माणसं काढू नयेत. भट्टीवर हात कमी पडले की ओतकाम लांबतं, धातू थंडावतो आणि कास्टिंगमध्ये कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याने पडणारी सांध) येतं. मग मागे राहिलेल्यांचा राग गेलेल्यांवर निघतो. कंत्राटी कामगारांना वगळून फक्त कायम कामगारांना टी-शर्ट वाटणं ही तर दरी रुंदावायची सोय.

फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करण्याच्या खात्यात) धूळ ओढणारी यंत्रणा बंद आणि कंपनी मात्र झाडं लावतेय, असं असेल तर सगळंच उलटतं. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. अशा ठिकाणी कामगार समाजकार्याचा हेतू शोधू लागतो आणि त्याला जाहिरातच दिसते. पैसे आधी धुळीवर घालावेत.

परिणाम मोजताना बहुतेक कंपन्या स्वतःचीच फसवणूक करतात. श्रमदानाला आलेले कमी संख्येने नोकरी सोडतात हे आकड्यांत दिसतं, पण मुळात कंपनीविषयी आपुलकी असलेलेच नाव देत असतील तर? यावर उपाय सोपा आहे. ३० जागांसाठी ६० नावं आली तर चिठ्ठ्या टाकून ३० निवडायचे, उरलेल्यांना पुढच्या वर्षी घ्यायचं आणि तोवर दोन्ही गटांतले राजीनामे व विनापरवानगी गैरहजेरी ताडून पाहायची. तीसच्या गटात दोन-तीन राजीनाम्यांचा फरक योगायोगानेही पडतो, त्यामुळे वसाहतीतल्या चार-पाच कारखान्यांनी आपले आकडे एकत्र केले तरच त्यांतून काही सांगता येईल.