लागणे (क्रियापद)

'लागणे' हे मराठीतले रोजच्या वापरातले अकर्मक क्रियापद. स्पर्श होणे, चिकटणे हा त्याचा मूळ अर्थ.

संस्कृत धातू 'लग्', त्याचे धातुसाधित 'लग्न'. प्राकृतात त्याचे 'लग्ग' झाले. पुढे जोडाक्षर सुटले, आधीचा स्वर दीर्घ झाला आणि 'लाग' उरले. हस्त, हत्थ, हात ही वाटचाल तशीच. गुजराती, बंगाली आणि कोंकणीतही 'ला' दीर्घ आहे, हिंदीने मात्र 'लगना' ऱ्हस्व ठेवले. अंतरपाट दूर होताना 'लग्न लागले' म्हणतात, तेव्हा एकाच धातूची दोन रूपे शेजारी येतात: एक संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, दुसरे प्राकृतातून घडत आलेले. लगत, संलग्न, लागवड, लागण, लागलीच ही याच घरातली. अभंगांतल्या 'तुजलागी', 'मजलागी'मध्ये तर हे क्रियापद शब्दयोगी होऊन बसले आहे.

अर्थ पुष्कळ असले तरी 'कशाला किंवा कोणाला लागले?' हे पाहिले की बहुतेक उलगडतात. दूध पातेल्याला लागते म्हणजे तळाशी धरते. गुडघ्याला लागते तेव्हा इजा होते, मनाला लागते तेव्हा दुःख. झाडाला आंबे लागतात, खाल्लेले अंगी लागते, गवयाचा षड्ज लागतो. 'तो माझा मामा लागतो' यात नाते जुळते, 'वाटेत नदी लागते' यात ती आडवी येते. 'आजीला गाडी लागते' म्हणजे प्रवासात मळमळते. 'फलाटावर गाडी लागली' म्हणजे ती येऊन उभी राहिली. भूक, तहान, उचकी, धाप ही माणसाला लागतात. माणूस कर्ता नसतो, म्हणून 'मी भूक लागलो' होत नाही.

सहायक क्रियापद म्हणून त्याची दोन कामे आहेत आणि शिकणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. पहिले, क्रियेचा आरंभ: 'ती पत्र लिहू लागली' किंवा 'लिहायला लागली'. 'तिने पत्र लिहू लागले' हे चूक. लिहिणे सकर्मक असले तरी भूतकाळ 'लागणे'चा होतो, आणि अकर्मकाच्या कर्त्याला 'ने' घेता येत नाही. दुसरे काम सक्तीचे. इथे करणाऱ्याला 'ला' येतो आणि दोन्ही क्रियापदे कर्माप्रमाणे बदलतात: त्याला घोडा विकावा लागला, गाय विकावी लागली, शेत विकावे लागले. कर्म नसेल तर नपुंसकलिंगी एकवचन: मला जावे लागले.

'लागणे' आणि 'हवे' यांतला फरक जपण्यासारखा आहे. 'मला चहात साखर लागते' ही सवय झाली; 'मला साखर हवी आहे' ही या क्षणाची मागणी. हिंदीच्या सवयीने 'मला लागतं की तो येईल' असेही ऐकू येते. मत किंवा भावना सांगायला मराठीत 'वाटणे' आहे: मला वाटतं, भीती वाटते.

वाक्प्रचारांत डोळा लागणे म्हणजे झोप लागणे, नादी लागणे म्हणजे भलत्या गोष्टीच्या आहारी जाणे, वर्णी लागणे म्हणजे पदावर निवड होणे, टिकाव लागणे म्हणजे तग धरता येणे. 'दृष्ट लागणे' लहान मुलांच्या संदर्भात विशेष येते.

प्रयोजक रूप 'लावणे'. दिवा लागतो, कोणी तो लावतो. 'कामाची वाट लागली' यात दोष कोणावरच येत नाही. 'वाट लावली' म्हणताच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. चवीच्या अर्थाला अशी जोडी नाही: कारले कडू लागते, पण ते कोणी कडू 'लावत' नाही.