कोणतं सॉर्टिंग वेगवान? आधी यादी बघा

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की प्रत्येक गाडीची नोंद होते. समजा, अशा १ लाख नोंदी संगणकावर भावाप्रमाणे चढत्या क्रमाने लावायच्या, म्हणजे सॉर्ट करायच्या आहेत. (फक्त किमान आणि कमाल भाव हवा असेल, तर क्रम लावूच नका. यादीवरून एक फेरी पुरते.)

शेजारच्या दोन नोंदी बघून अदलाबदल करणाऱ्या बबल सॉर्टला यासाठी सुमारे ५०० कोटी तुलना लागू शकतात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेला मर्ज सॉर्ट यादी अर्धी-अर्धी करत जातो, मग क्रम लागलेले तुकडे एकत्र गुंफतो. त्याचं काम १६ लाख तुलनांच्या आत आटोपतं.

टोनी होर यांचा क्विकसॉर्ट एक नोंद निवडतो, तिच्याहून कमी भाव एका बाजूला आणि जास्त भाव दुसऱ्या बाजूला करतो, मग प्रत्येक बाजूला हेच पुन्हा करतो. त्याला सरासरी २० लाखांच्या आसपास तुलना लागतात. तरीही प्रत्यक्षात तो अनेकदा मर्ज सॉर्टला मागे टाकतो, कारण तो दुसरी यादी न करता जागच्या जागी काम करतो आणि मेमरीत लागून असलेल्या नोंदी एकापाठोपाठ वाचतो. म्हणूनच नुसत्या तुलना मोजून निकाल देणं मला पटत नाही. मात्र दर वेळी ही विभागणारी नोंद म्हणून पहिलीच निवडली आणि यादी आधीच क्रमाने असली, तर हाच क्विकसॉर्ट थेट ५०० कोटींवर जातो.

इथे साध्या इन्सर्शन सॉर्टची खरी किंमत कळते. ११८०, १३००, १४२०, १६५० असे भाव लागलेले आहेत आणि १३५० आला. १६५० सरकला, १४२० सरकला, १३०० दिसताच थांबायचं. कालच्या लावलेल्या यादीला आज दहाच नोंदी जोडल्या असतील, तर सरासरी सहा लाख तुलनांत काम होतं. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसाठी लिहिलेला टिमसॉर्ट याचाच फायदा घेतो. आधीच क्रमात असलेले तुकडे तो हुडकतो, छोटे तुकडे इन्सर्शनने वाढवतो आणि सगळे मर्ज करतो. सारख्या भावाच्या गाड्यांचा आधीचा क्रमही तो मोडत नाही. आधी आलेली गाडी यादीतही आधीच राहते, आणि हिशेबात हे फार मोलाचं आहे.

भाव पूर्ण रुपयांत आणि ५०० ते ३००० च्या दरम्यान असतील, तर तुलनाच नको. २५०१ खाने करायचे, ज्या भावाची नोंद त्या खान्यात टाकायची आणि खाने ओळीने रिकामे करायचे. यादीवरून एक फेरी, खान्यांवरून एक. शेतकऱ्यांच्या नावांप्रमाणे यादी लावायची असेल, तर मात्र ही युक्ती अशी सरळ चालत नाही.