ढासळत्या वाळूने राखलेला वेल

द्राक्षाचा वेल लावण्यासाठी चरात उतरणारा मजूर डोक्यावर पालथी टोपली घालून उतरायचा. पोर्तुगालची राजधानी लिस्बनच्या पश्चिमेला, सिंत्राच्या डोंगरापलीकडे, अटलांटिकच्या काठावर कोलारेश नावाचा छोटासा द्राक्षपट्टा आहे, तिथली ही रीत. वाळूची भिंत कधी अंगावर येईल याचा नेम नसे. माणूस गाडला गेलाच, तर वरचे लोक वाळू उपसेपर्यंत टोपलीखाली अडकलेल्या हवेवर त्याला तग धरता यावा, एवढ्यासाठी ती टोपली.

एवढा जीव धोक्यात घालून खणायचं कशाला? कारण वरची वाळू वेलाला जवळजवळ काहीच देत नाही. समुद्रावरच्या वाऱ्याने आणून टाकलेली ही वाळू कुठे मीटरभर, तर कुठे पाच मीटरहूनही खोल आहे. तिच्यात अन्नद्रव्यं नावापुरती, आणि पाणी पडलं की सरळ खाली जातं. पण त्या वाळूखाली चिकणमाती आहे. तिथवर पोचायचं, लांब काडीचं बूड चिकणमातीत रोवायचं आणि वेल वर येईल तसतसा चर वाळूने बुजवत आणायचा. म्हणजे बाग दिसते वाळूत, पण जेवते चिकणमातीत. वरची कोरडी वाळू मग झाकणाचं काम करते. तिचे कण जाड, त्यांच्यामधल्या फटी मोठ्या, त्यामुळे खालचं पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढत नाही आणि उन्हाळ्यातही चिकणमातीतली ओल टिकून राहते.

या खटाटोपाचं खरं मोल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळलं. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षाचे वेल कारण कळेना असे वाळू लागले. १८६८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जूल एमिल प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये वेल उपटून पाहिले. मेलेल्या वेलांच्या मुळांवर काहीच नव्हतं. मग त्यांनी शेजारचे हिरवेगार वेल उपटले, तर मुळांवर पिवळ्या उवांसारख्या किड्यांचे थर! वेल मरायला लागला की हे किडे पुढच्या मुळांकडे सरकत, म्हणून मेलेल्या वेलावर कधी सापडतच नव्हते. कीटकशास्त्रातल्या शोधांमध्ये मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. धडधाकट दिसणारं झाड उपटून पाहायचं कुणाला सुचतं?

हा किडा म्हणजे फायलोक्सेरा. मूळचा उत्तर अमेरिकेचा, पूर्ण वाढला तरी जेमतेम मिलिमीटरभर. मुळांवरच्या पिढ्या सगळ्या माद्यांच्या. नराशिवायच अंड्यांचे ढीग घालणाऱ्या. किडा मुळात सोंड खुपसतो, तिथे गाठ येते, गाठ फुटते, जखमेतून बुरशी शिरते आणि मूळ कुजतं. अमेरिकी वेल जखमेभोवती बुचासारखा थर धरून तिला बंद करतात. युरोपच्या वेलाला ते नीट जमत नाही. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती, ती १८८९ साली २३४ कोटींवर आली. शेवटी उपाय सापडला तो कलमाचा: खाली अमेरिकी खुंट, वर युरोपचा डोळा. आज जगातल्या बहुतेक द्राक्षबागा अशा परक्या मुळांवर उभ्या आहेत.

कोलारेशचे वेल मात्र स्वतःच्याच मुळांवर राहिले. कारण तेच, ज्यासाठी मजूर टोपली घालत होता. फायलोक्सेराला जमीन पोखरता येत नाही. तो तयार वाटांनी चालतो. चिकणमाती वाळली की आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून तो एका वेलाच्या मुळांवरून दुसऱ्याच्या मुळांवर जातो. निव्वळ वाळू आकसत नाही, तिला भेगा पडत नाहीत. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. भोवतीचे वाळूचे बरेचसे कण त्याच्याच अंगाएवढे किंवा त्याहून मोठे. पाय टाकला की कण सरकतात आणि वाट मिटते. खाली चिकणमातीत खुशाल भेगा असोत, तिथवर पोचण्याची वाट याच कणांमधून जाते.

इथला लाल द्राक्षाचा वाण रामिश्को. समुद्राचा वारा इतका जोरकस की वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवरच पसरू देतात आणि वाऱ्याच्या बाजूला वाळक्या बोरूंचे कूड उभे करतात. घड पिकू लागले की तापलेल्या वाळूने मणी भाजू नयेत म्हणून वेलांखाली आखूड काठ्यांचे टेकू देतात. जमिनीवर लोळणारा एकेक वेल हाताने उचलून टेकूवर ठेवायचा. यंत्राला इथे शिरकावच नाही.

‘वाळूची चव वाइनमध्ये उतरते’ असं कौतुकाने म्हटलं जातं. ते मला पटत नाही. वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, पाण्यात जवळजवळ न विरघळणारी. मुळाने तिच्यातून घ्यावं असं फारसं काही नाही. वाइनचा स्वभाव ठरतो तो मण्यात. रामिश्कोचा मणी लहान आणि जाड सालीचा. गोळ्याची त्रिज्या निम्मी झाली की आकारमानाच्या तुलनेत त्याचा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणजे तेवढ्याच रसाला साल दुप्पट. तुरटपणा देणारं टॅनिन सालीत आणि बियांत असतं. त्यात समुद्रावरचं धुकं आणि गार हवा. साखर सावकाश भरते, आंबटपणा टिकतो, अल्कोहोल बेताचं राहतं. तरुणपणी ही वाइन इतकी तुरट असते की जीभ कोरडी पडते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंडातला बुळबुळीतपणाच नाहीसा होतो. पुढे लाकडी पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षं टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि तुरटपणा मऊ होत जातो. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

१९०८ साली पोर्तुगालने या क्षेत्राची हद्द कायद्याने आखून दिली आणि १९३१ मध्ये इथल्या बागाइतदारांची सहकारी वाइनरी उभी राहिली. पण कलमाने इतर बागा सावरल्यावर एवढं खणणं कुणाला परवडेना. त्यात राजधानी जवळ, किनारा देखणा. द्राक्षांच्या जागी घरं आली. किडा शिरू शकला नाही तिथे सिमेंट शिरलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकेकाळी हजार हेक्टरांवर पसरलेला हा पट्टा आता काही डझन हेक्टरांवर आला आहे. म्हणून वाइन थोडी आणि महाग. सहकारी वाइनरी तर ती अर्ध्या लिटरच्या बाटल्यांतून विकते.

अशा बागेत एखादा वेल मेला तर रोपवाटिकेत जावं लागत नाही. शेजारच्या वेलाची लांब काडी वाकवायची, मधला भाग जमिनीत दाबायचा आणि शेंडा रिकाम्या जागी बाहेर काढायचा. हेच दाब कलम. कलमी बागेत हे धोक्याचं, कारण दाबलेल्या काडीला फुटणारी मुळं युरोपच्या वेलाची, म्हणजे फायलोक्सेराचं खाद्य. इथे मुळं फुटेपर्यंत आईच्या जिवावर जगायचं, मग जोडणारी काडी कापून टाकायची.