क्लिकर आणि शेजाऱ्याशी चर्चा

दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापकांनी “समजले का?” असे विचारले, की पुढच्या दोन-तीन बाकांवरच्या माना हलतात आणि व्याख्यान पुढे सरकते, बाकीच्यांचे काय झाले, ते उत्तरपत्रिका तपासतानाच कळते. क्लिकर, म्हणजे उत्तर नोंदवण्याचे हातात मावणारे छोटे यंत्र, किंवा त्याच कामाचे मोबाइल ॲप यांचा खरा उपयोग इथे आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत व्याख्यान मध्येच थांबवून संकल्पनेवर एक प्रश्न विचारला जातो. उदाहरणार्थ, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर किती बल असते? वेग शून्य म्हणून बलही शून्य, असे अनेकांना मनापासून वाटते; सूत्रे तोंडपाठ असणारेही इथे फसतात, कारण गुरुत्वाकर्षण त्या क्षणीही तेवढेच असते, हे गणिते सोडवताना लक्षात घ्यावे लागतेच असे नाही. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर चर्चा सर्वांत फलदायी ठरते. उत्तरे त्याहून कमी बरोबर आली, तर तो भाग पुन्हा शिकवणेच योग्य.

हुशार विद्यार्थ्याचे पाहून बाकीचे उत्तर बदलतात, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गात ती तपासली गेली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवला आणि त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढलेले दिसले. सुरुवातीला गटात कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते, तिथेही सुधारणा झाली, असे २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसून आले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

क्लिकरऐवजी पुठ्ठ्याची कार्डे वापरूनही ही पद्धत चालते. यंत्रामुळे आकडे तत्काळ मिळतात आणि चुकण्याच्या भीतीने गप्प राहणारा विद्यार्थीही नाव न कळता उत्तर देऊ शकतो, हे खरे. तरीही यंत्रखरेदीसाठी निधी मंजूर करणाऱ्या विद्यापीठांनी असे नेमके प्रश्न तयार करायला प्राध्यापकांना सवडही दिली पाहिजे.