लोणावळ्यातील बंगला पाहुण्यांना देताना: रात्रीच्या गोंगाटाला बुकिंगच्या वेळीच आळा

सप्रेम नमस्कार.

आपला बंगला शनिवार-रविवारी पाहुण्यांना देण्याचे काम आपण आमच्यावर सोपवले आहे. आपण मुंबईत किंवा पुण्यात असता. लॉनवर मध्यरात्री चालणाऱ्या स्पीकरचा त्रास मात्र बारा महिने इथेच राहणाऱ्या शेजाऱ्यांना होतो. त्यांची झोप आम्हाला आपल्या भाड्याइतकीच महत्त्वाची वाटते, म्हणून हे माहितीपत्रक.

‘आवार आपले आहे, मग हरकत कोणाची?’ असे अनेक पाहुणे विचारतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि त्यानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाजही कुंपणापाशी या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये. दोन माणसांचे जवळून चाललेले साधे बोलणेच सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले तर रात्री दहानंतर उघड्यावर गाणी लावणे का शक्य नाही, ते वेगळे सांगावे लागत नाही. दारे-खिडक्या लावून गाण्याचे शब्द अडतात, खर्जातला दणका अडत नाही. त्यामुळे मोठे स्पीकर आणि डीजे आम्ही दिवसाही आत येऊ देत नाही.

आमचा अनुभव असा, की पार्टी रात्री बारा वाजता थांबवता येत नाही, ती बुकिंगच्या फोनवरच ओळखावी लागते. एकाच रात्रीचे बुकिंग, शनिवार, माणसे ‘आठ-दहा’ आणि पहिलाच प्रश्न ‘गाड्या किती लावता येतील?’, असे असेल तर आम्ही आणखी चौकशी करतो. एकदा दहा जणांच्या नावावर घेतलेल्या बंगल्यात रात्री नऊनंतर गाड्यांमागून गाड्या आल्या आणि केअरटेकर फाटकाशी एकटाच उभा राहिला. प्यायलेल्या घोळक्यासमोर त्याला एकट्याने उभे करणे ही आमची चूक होती. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याचे नाव आधी घेतले जाते, फाटकावर मोजणी होते, अनामत रक्कम आगाऊ जमा होते आणि पावणेदहाला केअरटेकर लॉनवरच्या खुर्च्या आत घ्यायला जातो. खुर्च्या हलल्या की बहुतेक मंडळी आपणहून आत येतात. तरीही कोणी ऐकले नाही, तर तो वाद न घालता आम्हाला कळवतो आणि गरज पडल्यास आम्ही ११२ वर फोन करतो.

दिवाणखान्यात आवाज मोजणारे यंत्र बसवावे, असे आम्ही सुचवतो. ते केवळ पातळी मोजते, बोलणे टिपत नाही. तरी त्याची माहिती पाहुण्यांना बुकिंगआधी लेखी द्यावी आणि शयनगृहात ते कधीही लावू नये. घरात कॅमेरा हा पर्याय नाही. पाहुण्यांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या ऑनलाइन कंपनीनेही २०२४ पासून घरातील कॅमेऱ्यांना मनाई केली आहे. पार्ट्यांवरील तिची बंदी ऑगस्ट २०२० मध्ये आली आणि जून २०२२ मध्ये कायम झाली.

या पद्धतीमुळे काही शनिवार रिकामे जातील, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. संशयास्पद बुकिंग आपल्याला न विचारता नाकारण्याची मुभा आम्हाला हवी आहे. सोबतच्या संमतिपत्रावर सही करून ते ३१ डिसेंबरची बुकिंग सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे पाठवावे, ही विनंती.