गोन्झागा फक्त दुबळ्यांनाच हरवते का?

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: स्पोकेनचा गोन्झागा संघ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समधल्या (दर हंगामात आपसात ठरलेले सामने खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटातल्या) लिंबूटिंबूंना हरवून आकडे फुगवतो. हे खरं नाही. कॉन्फरन्समधले सामने वाट्याला येतात, टाळता येत नाहीत. संघाची हिंमत दिसते ती कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांत, कारण तिथले प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा संघच निवडतो.

२०२०-२१ चा हंगाम घ्या. प्रशिक्षक मार्क फ्यू यांच्या गोन्झागा संघाने पहिल्याच सामन्यात कॅन्ससला १०२-९० असं हरवलं. दुसऱ्या दिवशी ऑबर्न. मग वेस्ट व्हर्जिनिया. तिथे जेमतेम ५ गुणांनी निभावलं. डिसेंबरात आयोवा ९९-८८, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी व्हर्जिनिया ९८-७५. हीच व्हर्जिनिया २०१९ ची राष्ट्रीय विजेती, हे विसरू नका! बेलरशीही सामना ठरला होता, तो कोविडमुळे रद्द झाला.

त्याच बेलरने एप्रिलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना गोन्झागाविरुद्ध ८६-७० असा जिंकला आणि ‘बघा, पोकळच होते’ हे पालुपद पुन्हा सुरू झालं. मला तो अन्याय वाटतो. ३१ विजयांनंतरचा तो त्या हंगामातला पहिला आणि एकमेव पराभव होता.